नजर कुणीकडे?

जबलपूरच्या राइट टाउनमधल्या एका मराठी ख्रिस्ती घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. आजोबा नगर जिल्ह्यातून नोकरीसाठी आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. रविवारची उपासना सहसा चुकत नाही. घरचा कर्ता एका कार्यालयात खरेदीचा हिशेब पाहतो. महिनाअखेर आहे आणि मुलीच्या कॉलेजची फी आठ दिवसांत भरायची आहे. नेमक्या अशा वेळी एक पुरवठादार टेबलावर पाकीट ठेवतो आणि हसून म्हणतो, ''साहब, ये तो बच्चों की मिठाई है.'' माल थोडा हलका आहे. बिलावर फक्त सही हवी आहे.

तो पाकीट घेत नाही, पण ठाम नकारही देत नाही. ''कल बात करेंगे,'' एवढेच म्हणतो. खरी परीक्षा इथूनच सुरू होते. जेवताना पाकीट आठवते. रात्री प्रार्थनेला डोळे मिटले तरी तेच. 'घेणार नाही, घेणार नाही' असे तो मनाशी घोकतो आणि जितके घोकतो तितके ते पाकीट मोठे होत जाते.

हा माणूस वाईट नाही आणि त्याला मोह झाला म्हणून तो पापीही ठरत नाही. मोह प्रभू येशूलाही झाला, असे शुभवर्तमान सांगते. प्रश्न एवढाच, की मोहाच्या घडीला माणसाची नजर कुणीकडे असते?

पांढरे अस्वल

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, विचार आलाच तर घंटा वाजवायची, असे विद्यार्थ्यांना सांगितले होते. घंटा पुन्हा पुन्हा वाजत राहिली. मनाई उठल्यावर तर अस्वल अधिकच जोराने मनात शिरले. मग काही जणांना सांगण्यात आले, की अस्वल आठवलेच तर त्याऐवजी लाल फोक्सवॅगन मोटारीचा विचार करा. त्यांच्या बाबतीत अस्वलाचा हा नंतरचा उसळा बराच कमी झाला.

मन रिकामे ठेवता येत नाही, त्याला दुसरे काही धरायला द्यावे लागते. ख्रिस्ती परंपरेला ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. फरक असा, की तिथे मनाला मोटार दिली जात नाही. तिथे प्रत्यक्ष प्रभू दिला जातो.

भाकरीचा मोह

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू चाळीस दिवस रानात उपाशी राहतो. सैतान त्याला पहिल्यांदा सोन्याचा मोह दाखवत नाही, धोंड्यांच्या भाकरी करायला सांगतो. भुकेल्या माणसाने भाकरी खाणे यात वाईट ते काय? मोहाची हीच खुबी आहे. तो पुष्कळदा पापाच्या वेषात येत नाही, गरजेच्या वेषात येतो. राइट टाउनच्या त्या घरी तो मुलीच्या फीचे रूप घेऊन आला.

येशूने सैतानाशी वाद घातला नाही. तिन्ही वेळा त्याने शास्त्रातले वचन पुढे केले आणि तिन्ही वचने 'अनुवाद' या एकाच पुस्तकातली होती. भूक खोटी आहे, असे तो म्हणाला नाही. भुकेपेक्षा मोठा असा कोणी आहे, हे त्याने लक्षात ठेवले.

पुढे चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या साधूने मनाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. त्यांत खादाडपणा, लोभ, राग, उदासपणा, गर्व असे विचार होते. या विचारांना उत्तर म्हणून त्याने शास्त्रातली एकूण सुमारे पाचशे वचने निवडून ठेवली. घरात आग लागण्यापूर्वी पाण्याच्या बादल्या भरून ठेवाव्यात, तसेच हे.

टिळकांची वाट

मराठी माणसाला याचे जवळचे उदाहरण हवे असेल, तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे आहे. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांचे मन धरले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर, आप्त, मानमरातब सारे दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई व मुलगा काही वर्षे वेगळे राहिले. मागे फिरण्याचा मोह याहून मोठा कोणता असणार? पण टिळक मागे फिरले नाहीत. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

1917 साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. तेव्हा त्यांची पंचावन्नी उलटली होती. त्या वयात बांधलेले उत्पन्न कोण सोडतो? पण टिळकांनी ख्रिस्ताला माउली मानले होते. वारकऱ्याचे डोळे विठोबाकडे लागावेत, तसे त्यांचे डोळे त्या माउलीकडे लागले होते.

म्हणून टिळक निर्दोष होते असे नव्हे. त्यांचा तापटपणा आणि पैशाबाबतची बेफिकिरी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये मोकळेपणाने सांगितली आहे. नजर प्रभूकडे लावणारा माणूसही अडखळतो. पण त्याला आपली वाट ठाऊक असते आणि तो पुन्हा तिच्यावर येतो.

रोजच्या जगण्यात

ही नजर ऐन वेळी लावता येत नाही, ती रोज लावावी लागते. सकाळची पंधरा मिनिटे प्रार्थनेला दिलेली असली, एखादे वचन तोंडपाठ असले, की अवघड घडीला ते आपसूक ओठांवर येते.

काही मोहांपुढे उभेही राहू नये. पोटीफरच्या बायकोने वस्त्र धरले तेव्हा योसेफ ते तिच्या हातात टाकून पळाला. तो पळपुटेपणा नव्हता, ते शहाणपण होते. 'उद्या बोलू' हे शब्द मात्र मोहाला रात्रभर घरात ठेवून घेतात.

तिसरी गोष्ट, मोह एकट्याने अंगावर घेऊ नये. पत्नीला, पाळकांना किंवा एखाद्या विश्वासू मित्राला सांगावे. अंधारात वाढणारी गोष्ट उजेडात आणली की तिचा जोर ओसरतो.

आणि पाय घसरलाच तर? पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले, मग तो रडला आणि प्रभूने त्याला पुन्हा जवळ केले. पडण्यापेक्षा पडून राहणे अधिक घातक.

राइट टाउनच्या त्या घरी मध्यरात्र उलटून गेली आहे. कर्ता पत्नीला उठवतो आणि सारे सांगतो. ती थोडा वेळ गप्प बसते. मग म्हणते, ''अहो, माझ्या बांगड्या आहेत ना. पण ते पाकीट घरात नको.'' दोघे हात जोडतात. प्रार्थना फार लांब नसते. फीचा प्रश्न सकाळीही तेवढाच असणार आहे, बांगड्या मोडताना तिला वाईटही वाटणार आहे. पण पुरवठादाराला काय सांगायचे, हे त्याला आता ठाऊक आहे. कित्येक तासांनी पहिल्यांदाच त्याच्या मिटल्या डोळ्यांपुढे पाकीट नाही.