युरियाचा दिवा लागला की पगार कुणाचा कापायचा?

परवा रात्री हायवेवरच्या ढाब्यावर चहाला थांबलो होतो. शेजारच्या बाजेवर एक ड्रायव्हर डोकं धरून बसलेला. न्हावाशेव्याहून माल भरून निघाला, कसारा घाटात युरियाचा दिवा लागला आणि गाडीने ताकदच सोडली. शेठचा फोनवर निरोप : वर्कशॉपचं बिल तुझ्या पगारातून. आता टाकीत ओतलेला युरिया आणला कुणी होता? शेठनेच. बिनलेबलचा कॅन, रस्त्याकडेच्या टपरीवरून, स्वस्तात मिळाला म्हणून.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या ट्रकांना डिझेलबरोबर ही दुसरी टाकी चिकटली. कागदावर नाव डीईएफ. ३२.५ टक्के शुद्ध युरिया, बाकी क्षार काढलेलं पाणी. सायलेन्सरच्या वाटेवर याचा फवारा उडतो आणि धुरातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि वाफ होते. टाकीतली पातळी एक सेन्सर बघतो, धुरातला नॉक्स दुसरा बघतो, बऱ्याच गाड्यांत युरियाचा दर्जा बघणारा तिसराही असतो. गडबड दिसली की आधी दिवा, मग ताकद कमी. हा बिघाड नाही बरं का, गाडी तशीच बनवलेली आहे.

आणि भरायची रीत काय? आमच्या गावातला एक मेकॅनिक सांगतो ते असं. इंजिन बंद, चावी बंद. निळ्या झाकणाभोवतीची धूळ आधी पुसायची, मगच झाकण उघडायचं. डिझेलचं नरसाळं चुकूनही वापरायचं नाही, तेलाचा ओशटपणासुद्धा चालत नाही. सीलबंद कॅन, त्यावर आयएसओ २२२४१ लिहिलेलं बघून घ्यायचा. अर्धा-एक लिटर ओतून दिवा जाईल या आशेवर राहू नका, काही गाड्यांत एवढ्याने सेन्सरला फरकच कळत नाही. पण गळ्यापर्यंतही भरू नका. भरल्यावर चावी चालू करून काटा वर येईपर्यंत जरा थांबा. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर पांढरे खडे धरतात. गाडी बंद केल्या केल्या बॅटरीचा कटऑफ ओढायची सवय तर सोडाच. पंपाला नळीतला युरिया मागे ओढून घ्यायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. आणि टाकीत चुकून डिझेल गेलंच, तर चावीला हात न लावता मेकॅनिकला बोलवा.

यातलं किती त्या ड्रायव्हरला कुणी सांगितलं होतं? एक अक्षर नाही. तीस-चाळीस लाखांची गाडी हातात देताना शेठने सांगितलं ते फक्त मायलेज.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. शेतीच्या युरियाची ४५ किलोची गोणी अनुदानामुळे २६६ रुपयांच्या आसपास मिळते. ती पाण्यात कालवून 'डीईएफ' म्हणून खपवणारे आहेत. त्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप असतो. नोझल तुंबतं, कॅटॅलिस्ट कामातून जातं. म्हणजे पेरणीच्या वेळी शेतकरी गोणीसाठी रांगेत आणि त्याच्या वाट्याची गोणी ट्रकच्या टाकीत. हा गुन्हा आहे. पण कारवाई झालीच तर गोदामावर होते, टपरीवर कधी होते?

काही जण तर सेन्सरला फसवणारी डबीच बसवून घेतात. पीयूसीत पकडले जातील म्हणाल, तर डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणाच मोजतात, नॉक्स नाही. सर्टिफिकेट हातात, विष हवेत.

माझं म्हणणं साधं आहे. पंपावर डिझेलसारखा मीटरने डीईएफ मिळू द्या. टपरीवरच्या कॅनचे नमुने घ्या, युरियाचं प्रमाण तपासायला साधा रिफ्रॅक्टोमीटर पुरतो. आणि माल शेठने आणला असेल तर बिल शेठचं. यात चर्चेसारखं काही नाही.

मी निघालो तेव्हा तो ड्रायव्हर मोबाइलच्या उजेडात त्या रिकाम्या कॅनचे चारही बाजूंनी फोटो काढत होता. म्हणाला, "साहेब, पगार कापला तर दाखवायला काहीतरी पाहिजे ना."