अंतूशेटचा हापूस कुणी पुढे पाठवत नाही

८ नोव्हेंबर आणि १२ जून, म्हणजे पुलंची जयंती आणि पुण्यतिथी आली की ‘पुलं म्हणतात’ असे संदेश फोनवर येऊ लागतात. त्यातली कित्येक वाक्यं मला त्यांच्या कुठल्याही पुस्तकात सापडलेली नाहीत. ती बाजूला ठेवू. मला वाईट वाटतं ते पुलंच्या खऱ्या वाक्यांबद्दल.

‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२ साली आलं, १९६५ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातला अंतू बर्वा आमच्या रत्नागिरीचा. गावात वीज येते तेव्हा अंतूशेट विचारतात, पोपडे उडालेल्या भिंती नि गळकी कौलं बघायला उजेड हवा कशाला? हे वाक्य ‘कोकणी खवचटपणा’चा नमुना म्हणून फिरतं, लोक हसतात. हसायलाच हवं, ते फार सुरेख आहे. पण बोलतंय कोण? एकटा पडलेला गरीब म्हातारा. दुसऱ्याने कीव करण्याआधी तोच आपल्या दारिद्र्याचा उल्लेख करून टाकतो, म्हणजे कीव करायला कुणाला जागाच उरत नाही. पुलंचा विनोद किती खोल जातो, ते मला इथे दिसतं.

आणि मग तो हापूस. बायको गेली, त्यानंतर दारातलं कलम मोहरलं नाही, असं अंतूशेट सांगतात. मी आंब्याचा बागायतदार आहे. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष दडी मारतो, हे आम्हाला अंगवळणी पडलंय. तुडतुडे, भुरी, अवकाळी पाऊस यांचा हिशेबही आम्ही मांडतो. पण एके काळी शेकड्याने आंबा देणारं दारातलं झाड वर्षानुवर्षं मोहरतच नाही, याचा अर्थ बागेत वाढलेल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. साऱ्या गावाची टर उडवणारा माणूस आपलं दुःख झाडाच्या आडून बोलतो. विजेवरच्या त्या वाक्याला वजन येतं ते या हापूसमुळे. नेमकं हेच वाक्य कुणी पुढे पाठवत नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही.

शाळांच्या स्नेहसंमेलनांतही ‘विनोदी उतारा’ म्हणून अंतू बर्वा होतो आणि हापूसपाशी येण्याआधीच संपवला जातो. मुलं लहान आहेत, कंटाळतील, असं सांगतात. मला हे मुळीच पटत नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे, यंदा तो पुरता होऊ द्या. काका मुंबईला आणि आजोबा गावच्या घरात एकटे, अशी मुलं आमच्याकडे वर्गावर्गांत आहेत. अंतूशेट कोण, हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.