गोधडीचा रोजचा तास

गोधडी शिवण्याचा विषय या पृष्ठावर पाहून काही वाचकांना नवल वाटेल. घरगुती हस्तकौशल्याला वाहिलेली नियतकालिके पुष्कळ आहेत. वैचारिक साप्ताहिकाने त्यांच्या प्रांतात कशासाठी शिरावे, असा प्रश्न ते विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु निवृत्तीनंतर थोरल्या बहिणीकडून मी हे काम शिकलो आणि गेली काही वर्षे ते नियमाने करीत आहे. श्रम, वेळ आणि मोबदला यांविषयी जे सिद्धांत मी आयुष्यभर फळ्यावर मांडले, त्यांतील कित्येक मला सुई-दोऱ्याच्या निमित्ताने पुन्हा तपासून पाहावे लागले. म्हणून हा लेख.

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी मध्यम आकाराची गोधडी घ्या. वरखाली दोन धडधाकट लुगडी, मध्ये जुनेराचे तीन-चार थर, आणि अर्ध्या-अर्ध्या इंचावर धावदोऱ्याच्या ओळी. काठापासून आरंभ करून चौकटीच्या आत चौकट अशी शिवण मध्यापर्यंत न्यायची, ही आपल्याकडील सर्वपरिचित रीत. या मापाने एकूण शिवण ५७६ फूट भरते. इंचाला दोन टाके धरले तर टाके होतात १३,८२४. हा आकडा पाहून छाती दडपते. तथापि रोज बारा फूट शिवण घालावयाची असा नेम केला, तर तेच काम ४८ दिवसांत पुरे होते आणि दिवसाच्या वाट्याला केवळ २८८ टाके येतात. सवय झालेल्या हाताला हे तासाभराचे काम आहे.

या हिशेबात एक गंमत दडलेली आहे. पहिली चौकट वीस फुटांची असते. म्हणजे पहिल्या दिवशी एक फेराही पुरा होत नाही, तो दुसऱ्या दिवशी दुपारी कसाबसा संपतो. नवशिक्या माणसाचा धीर सुटतो तो येथेच. पुढे फेरे लहान होत जातात, आणि शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत दोन-दोन, तीन-तीन फेरे पुरे होतात. पाहणाऱ्याला वाटते, आता हात चालू लागला. प्रत्यक्षात टाके तितकेच, श्रम तितकेच. डोळ्यांना दिसणारे माप तेवढे बदललेले असते. म्हणून फेरे मोजू नयेत, शिवणीची लांबी मोजावी, असे माझी बहीण सांगे. बारा फूट लांबीची एक सुतळी ती खिळ्याला अडकवून ठेवी आणि सुतळी संपली की सुई टोचणीत खोचून उठे. हाताला हुरूप असला तरी पुढे शिवीत नसे. एकाच दिवशी चाळीस फूट शिवले की दुसऱ्या दिवशी बोट सुजते, तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो आणि चौथ्या दिवशी गोधडी माळ्यावर जाते. अर्धवट गोधड्यांनी भरलेले माळे मी अनेक घरांत पाहिलेले आहेत.

रोज थोडे शिवण्याला तांत्रिक कारणही आहे. घाईने शिवताना दोरा ओढला जातो, आतला थर सरकतो आणि मध्यावर पोचेपर्यंत कापडाचा घोळ एका बाजूला साचतो. यासाठी आरंभीच सगळे थर जमिनीवर अंथरून, हाताने चुण्या काढून, मोठ्या कच्च्या टाक्यांनी वीतभर अंतरावर टाचून घ्यावेत. या टाचणीला एक संपूर्ण दिवस गेला तरी चालेल, कारण त्या दिवसाची भरपाई पुढे होते. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये, तो गुंततो. उठताना गोधडी घडी न घालता गुंडाळावी. आणि शक्यतो सुती कापड वापरावे. आज घराघरांतून निघणारी जुनी पातळे बहुतांशी कृत्रिम धाग्यांची असतात. ती सुईखाली निसटतात, घाम टिपत नाहीत, आणि अशा गोधडीखाली उन्हाळ्यात झोपवत नाही. मऊ, जुन्या सुती लुगड्यांचा साठा घरातून संपत चालला आहे, हे गोधडीपुढचे फार मोठे संकट आहे.

येथवर सारे सोपे आहे. अडचण आहे ती तासाची.

‘रोज एक तास काढा’ हा उपदेश ऐकायला निरुपद्रवी वाटतो. काढायचा कोठून? भारत सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-विनियोग पाहणीनुसार सहा वर्षांवरील ज्या स्त्रिया घरकाम करतात त्या त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे, आणि तीही जे पुरुष त्या दिवशी काही घरकाम करतात त्यांचीच. असे पुरुष शंभरांत सुमारे सत्तावीस, तर स्त्रिया एक्क्याऐंशींहून अधिक. जिचे जवळजवळ पाच तास चूल, पाणी, धुणे आणि केरवारा यांत जातात, आणि त्याउपर जी शेतावर किंवा कारखान्यात जाते, तिला चिकाटीचे महत्त्व पटवून देणे हा उद्दामपणा आहे. चिकाटी तिच्यापाशी भरपूर आहे. नाही तो सलग तास. अर्धा टाका घालताच दूध उतू जाते, नळाला पाणी येते, सासरे हाक मारतात. माझा तास सलग असतो तो मी निवृत्त आहे आणि घरातील अन्य मंडळी मला त्या वेळी कामे सांगत नाहीत म्हणून. बहिणीचा तास तिने साठी ओलांडल्यावर सलग झाला.

आणि जागा? चार फूट बाय सहा फूट म्हणजे चोवीस चौरस फूट. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने गोधडी अंथरली, की खोलीचा पाचवा हिस्सा तिने व्यापला. खेड्यात हे काम उन्हाळ्यात, शेतीची कामे ओसरल्यावर, अंगणात किंवा पडवीत चाले, आणि चार बाजूंना चार बायका बसत. रोजच्या तासाची गरज तेथे नव्हती, कारण हंगाम मोकळा होता आणि हात अनेक होते. शहरातील एकटी बाई हे काम करू पाहते तेव्हा तिला अंगण, हंगाम आणि शेजारणी या तिन्हींची उणीव नियमितपणाने भरून काढावी लागते.

या श्रमाची गणना कशी होते, ते आता पाहू. आपल्या रोजगारविषयक नमुना पाहण्यांत प्रत्येक व्यक्तीला तिच्या कामाप्रमाणे एक सांकेतिक क्रमांक दिला जात आला आहे. त्यांत ९३ हा क्रमांक घरकाम सांभाळून शिवाय सरपण, भाजी, वैरण गोळा करणाऱ्या आणि घरच्या उपयोगासाठी शिवण, विणकाम करणाऱ्या व्यक्तींचा. गोधडी शिवणारी बाई येथे नेमकी बसते. आणि हा क्रमांक श्रमशक्तीच्या बाहेरचा मानला जातो. म्हणजे ती काय करते हे राज्यसंस्थेला ठाऊक आहे, त्यासाठी स्वतंत्र रकाना आहे, आणि तरीही ती काम करीत नाही असा निष्कर्ष आहे. राष्ट्रीय लेख्यांची आंतरराष्ट्रीय पद्धती याहून उदार आहे. स्वतःच्या उपभोगासाठी केलेले वस्तूंचे उत्पादन ती उत्पादनाच्या मर्यादेत घेते. सेवा मात्र वगळते. वेळ-विनियोगाच्या वर्गीकरणात फाटके कापड सांधणे हे घरकाम, तर नवे वस्त्र तयार करणे हे उत्पादन. आता चार फाटक्या लुगड्यांची एक नवी गोधडी झाली, तर हे सांधणे की उत्पादन, यावर एखादा परिसंवाद सहज रंगू शकेल. मला बोलावल्यास मी हातातले काम घेऊन जाईन.

रोजच्या श्रमाची मोजदाद करता येत नाही, ही सबब इतिहासाला धरून नाही. १९२४ साली बेळगावला गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष असताना सभासदत्वासाठी दरमहा २,००० वार सूत देण्याची अट स्वीकारण्यात आली. रोज अर्धा तास कातण्याचा आग्रह त्यामागे होता. ती अट फार काळ टिकली नाही, हे खरे. पण वार मोजले गेले, नोंदी झाल्या, आणि नियमित हस्तश्रम हे नागरिकत्वाचे लक्षण मानले गेले. पुढे १९३५ साली चरखा संघाने आठ तासांच्या चांगल्या कामाला अन्नवस्त्र भागेल इतकी मजुरी मिळाली पाहिजे हे तत्त्व स्वीकारले. वकील आणि पुढारी टकळी घेऊन बसले तेव्हा सुताचे वार झाले. त्याच घरांत माजघरात घातल्या गेलेल्या टाक्यांची वही कोणी ठेवली नाही. परंपरेने शिंपी पुरुष आणि गोधडी शिवणारी बाई. सुई दोघांची सारखीच.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे एक आक्षेप घेईल, आणि तो टाळून चालणार नाही. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांच्या धाग्यांपासून ब्लँकेटे निघतात, ती स्वस्त असतात. सोलापूरची चादर आहेच. मग ४८ तास खर्चून गोधडी का शिवावी? तेच तास मजुरीला लावले तर त्या पैशांत एकाहून अधिक पांघरुणे येतील. हिशेब बरोबर आहे. त्याचे गृहीत तेवढे तपासले पाहिजे. त्या बाईला तो तुटक तास विकता येतो, असे तो धरून चालतो. घरापासून दूर, दुपारी तीन ते चार या वेळेत, एका तासाची मजुरी देणारा मालक मला अद्याप भेटलेला नाही. तो तास बाजारात विकला जाईल तो घरी बसून, नगावर. आणि तेथे दुसरीच कथा सुरू होते.

नगावरच्या कामात ‘रोज थोडे’ हे सूत्र प्रथम मोडते. व्यापारी पंधरा दिवस काम देत नाही आणि मग आठ दिवसांत वीस नग मागतो. बाई रात्री जागते, मुलींना शाळेतून घरी ठेवते. दर नगाचा असल्यामुळे किती तास गेले हे कोणी विचारीत नाही. अहमदाबादच्या दर्यापूर भागात गिरण्यांच्या चिंध्यांपासून रजईच्या खोळी शिवणाऱ्या बायकांची स्थिती हीच होती. इला भट्ट यांनी १९७२ साली स्थापन केलेल्या ‘सेवा’ संघटनेने त्यांना एकत्र केले. दरवाढ मागताच व्यापाऱ्यांनी काम बंद केले. तेव्हा बायकांनी स्वतःची सहकारी संस्था काढून चिंध्या थेट गिरण्यांकडून घेण्यास आरंभ केला. पुढे गिरण्याच बंद पडत गेल्या. कच्च्या मालावर ताबा नसलेल्या सहकाराची मर्यादा त्यातून दिसली.

सहकाराचे दुसरे उदाहरण दूरचे आहे, पण गोधडीचेच आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात, विलकॉक्स परगण्यात, नागरी हक्कांच्या चळवळीतून १९६६ साली कृष्णवर्णीय स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभी केली. मतदार म्हणून नाव नोंदवल्यामुळे जमीनदारांनी हुसकावलेल्या कुटुंबांना घरासाठी भूखंड देता यावेत म्हणून तिने जमीन घेतली. १९७२ साली तिला सीअर्स कंपनीचे उश्यांच्या अभ्र्यांचे कंत्राट मिळाले. उत्पन्न नियमित झाले. पण आता दिवस जाई तो ठरावीक कापडाचे, ठरावीक मापाचे अभ्रे शिवण्यात. संस्था २०१२ साली बंद झाली. अपयश म्हणून तिची बोळवण करणे मला मान्य नाही. सेहेचाळीस वर्षे टिकलेल्या किती सहकारी संस्था आपण दाखवू शकतो?

आपल्या देशात घरी बसून काम करणाऱ्यांची व्याख्या २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात आली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयीचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ साली संमत केला. भारताने त्यावर अनुमोदनाची मोहोर उठवलेली नाही. ही मागणी आपल्या ठरावांतून येत असते, यापुढेही आली पाहिजे.

पण बचतगटांसाठी गोधडी शिवण्याची शिबिरे भरविणाऱ्या साथींना माझे काही सांगणे आहे. दहा दिवसांच्या शिबिरात टाका शिकविता येतो. गोधडी शिवली जाते ती पुढच्या पन्नास दिवसांत, घरी, आणि तेथे शिबिराचे मार्गदर्शक नसतात. तेव्हा काम देताना मुदत पन्नास दिवसांची द्या, आठ दिवसांची नको. दर नगाचा न ठेवता शिवणीच्या फुटाचा ठेवा आणि पंधरवड्याला मोजून पैसे चुकते करा; अर्धी झालेली गोधडी हीदेखील झालेले काम आहे. वस्तीतील समाजमंदिर दुपारी रिकामे असते. तेथे चार गोधड्या अंथरून ठेवण्याची सोय झाली, तर दहा बाय बाराच्या खोलीचा प्रश्न आणि एकटेपणाचा प्रश्न असे दोन्ही सुटतात.

आणि तास? तो कायद्याने मिळणार नाही, शिबिरातही मिळणार नाही. ज्या घरातील स्त्री गोधडीला बसणार आहे त्या घरातील पुरुषाने, आणि यांत आपले कार्यकर्ते प्रथम आले, रोज तो एक तास पाणी, दूध, मुले आणि दार सांभाळावे. पन्नास दिवस हे करून पाहावे. एक वही घालावी; डाव्या पानावर त्या दिवशी किती फूट शिवण झाली ते लिहावे, उजव्या पानावर त्या तासात घर कोणी सांभाळले त्याचे नाव. शाखांच्या कपाटांत कोऱ्या नोंदवह्या पुष्कळ पडून आहेत. त्यांतलीच एक चालेल.