पहिला हेडफोन घेताना : डग्गा घुमतो की बोलतो?

"आई, पूर्ण कान झाकणारा हवा. आणि बेस एकदम दणदणीत पाहिजे!"

आमच्या चिरंजिवांची ही मागणी गणपतीपासून चालू होती. वय पंधरा, नाकावर चष्मा आणि गेली सहा वर्षं कबीरचौऱ्याला गुरुजींकडे तबल्याची तालीम. भाऊबीजेची ओवाळणी, आजीने दिलेले खाऊचे पैसे आणि ब्रह्माघाटावरच्या गणेशोत्सवात वाजवल्याबद्दल मिळालेलं पाकीट असं सगळं मिळून साडेतीन हजार रुपये त्याने साठवले होते. पैसे त्याचे, त्यामुळे "नको" म्हणायला मला तोंड नव्हतं. पण निवडीत माझा हात असावा, असं मात्र मनापासून वाटत होतं. त्याचं कारण आमच्या घरातच आहे, ते पुढे सांगते.

आमचं घर काशीत, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा हा सगळा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांचा. इथे शांतता अशी कधी नसतेच. पहाटे बिंदुमाधवाच्या देवळातली घंटा, दिवसभर नावांची इंजिनं, संध्याकाळी आरती आणि गल्लीत अखंड हॉर्न. पण हाच परिसर कान तयार करणाराही आहे. जवळच्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षं रियाज करत असत. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलाने घेतलेला पहिला हेडफोन निदान ऐकण्यासारखा तरी असावा!

दुकानातला 'धम'

पहिल्या दुकानात आम्ही जेमतेम दहा मिनिटं होतो. दुकानदाराने एक भला मोठा काळा हेडफोन काढला, स्वतःच्या फोनवर एक गाणं लावलं, आवाज पूर्ण वर नेला आणि म्हणाला, "बेस सुनिए, बहनजी, बेस!" मी कानाला लावला आणि दचकलेच. छातीत धडधड व्हावी तसा दणका. चिरंजीव तर हरखून गेले.

पैसे द्यायला हात खिशात जाणार, तेवढ्यात मी म्हटलं, "तुझ्या गुरुजींचं रेकॉर्डिंग लाव ना जरा. आणि आवाज निम्म्यावर आण."

त्याने लावलं. पाच-सात सेकंद ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आई, डग्गा नुसता धम-धम वाजतोय. मींड कुठे गेली?"

तबला न वाजवणाऱ्यांसाठी थोडं सांगते. डग्ग्यावर थाप पडल्यानंतर वादक मनगटाने पुडीवर दाब देतो. त्याने नाद खालून वर सरकतो, जणू डग्गा बोलतो. बनारस घराण्याचं वादन तर पखवाजाच्या वळणाचं, खुल्या आणि भरदार बोलांचं. 'शोले'मध्ये बसंतीच्या टांग्याचा पाठलाग होतो, तेव्हा वाजणारा तबला आमच्या बनारसच्याच पंडित सामताप्रसाद यांचा, म्हणजे गुदई महाराजांचा. तो पुन्हा ऐकून पाहा, म्हणजे डग्गा बोलतो म्हणजे काय ते कळेल.

आता 'धा' हा साधा बोल घ्या. तो दोन्ही हातांनी एकदम वाजतो : उजव्या हाताचा 'ना' आणि डाव्याचा 'गे'. चांगल्या हेडफोनमध्ये या एका 'धा'त दोन्ही गोष्टी वेगळ्या ऐकू येतात, वरची टणक किणकिण आणि खालचा घुमारा. त्या काळ्या हेडफोनमध्ये घुमाऱ्याने किणकिण गिळून टाकली होती. आम्ही दुकानातून हात हलवत परत आलो.

त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट समजली. बेस जास्त असणं वेगळं आणि बेस स्वच्छ असणं वेगळं. बेस आवडण्यात काहीच वाईट नाही. पण त्या बेसमध्ये सूर ओळखू आला पाहिजे आणि गाणाऱ्याचे शब्द त्याखाली दबता कामा नयेत.

खोक्यावर काय वाचायचं?

पुढचे आठ दिवस मी खोकी वाचली. तुमचा वेळ वाचावा म्हणून कामाचं तेवढं सांगते.

'२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' हा आकडा जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतो. माणसाच्या कानाची साधारण मर्यादाच ती आहे. हेडफोन त्यातला कोणता भाग किती जोरात वाजवतो, हे त्यावरून कळत नाही. बेस म्हणजे ढोबळमानाने २० ते २५० हर्ट्झचा भाग. त्यातला वरचा भाग फार फुगवला, की तो आवाज गायकाच्या गळ्यावर चढतो आणि सगळं गाणं पिंपात बसून गायल्यासारखं वाटतं.

दुसरा आकडा 'ड्रायव्हर'चा, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरचा. ४० मिलिमीटर, ५० मिलिमीटर असं ठळक अक्षरात छापतात. मोठा ड्रायव्हर म्हणजे चांगला बेस, असं मलाही वाटायचं. पण सोनी कंपनीच्या महागड्या मालिकेत एक्सएम-४ या मॉडेलचा ड्रायव्हर ४० मिलिमीटरचा होता आणि त्यानंतर आलेल्या एक्सएम-५ मध्ये तो ३० मिलिमीटरचा झाला. आकार हा अनेक गोष्टींपैकी एक, इतकंच.

तिसरी गोष्ट कपची रचना. मागून बंद असलेल्या कपात बेस टिकतो आणि बाहेरचा गोंगाटही कमी येतो. मागून जाळीदार, उघड्या कपांचा आवाज मोकळा वाटतो, पण तो शेजारच्यालाही ऐकू जातो आणि खोल बेस सहसा कमी असतो. आमच्यासारख्या गोंगाटाच्या वस्तीत आणि बेसच्या आवडीला बंद कपच बरे.

बेस गळतो कुठून?

ही माहिती मला सगळ्यात उपयोगी पडली. हेडफोनचा बेस कानाभोवतीच्या गादीवर अवलंबून असतो. गादी आणि त्वचा यांच्यामध्ये फट राहिली, की सगळ्यात आधी बेस निसटतो. आणि फट कशाने राहते? चष्म्याच्या काडीने, जाड वेणीने, कानातल्या झुमक्याने.

दुसऱ्या दुकानात आम्ही एक सोपी परीक्षा केली. हेडफोन लावून गाणं चालू करायचं आणि दोन्ही कप तळहातांनी हलकेच दाबायचे. दाबल्यावर बेस एकदम वाढला, तर समजा की एरवी तो गळतोय. आमच्या चष्मेबहाद्दराच्या डोक्यावर एका हेडफोनचा बेस दाबल्यावर जवळजवळ दुप्पट वाटला. दुसऱ्याच्या गाद्या मऊ आणि जाड होत्या, त्यात फारसा फरक पडला नाही. त्या दुसऱ्याची जाहिरात बेसची नव्हती, तरी त्याच्या डोक्यावर बेस त्याचाच भरदार लागला. म्हणून मुलाचा हेडफोन मुलाच्याच डोक्यावर, चष्म्यासकट तपासा. माझ्या किंवा तुमच्या कानाला काय वाटतं, याला अर्थ नाही.

आबांनी विचारलेला प्रश्न

आता घरातलं कारण सांगते. माझे सासरे, आमचे आबा, ऐन उमेदीची तीस वर्षं एका कारखान्याच्या यंत्रशाळेत होते. कानात बोळे घालायची पद्धत तेव्हा तिथे नव्हती. आज त्यांना ढोल ऐकू येतो, ट्रकचा आवाज येतो. पण नातीचं कुजबुजणं येत नाही आणि 'सात' म्हटलेलं 'आठ' ऐकू येतं. मोठ्या आवाजाने होणारं नुकसान बहुधा वरच्या पट्टीच्या आवाजांपासून सुरू होतं. आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या, की माणसात त्या परत उगवत नाहीत.

दुकानातून चाचणीसाठी आणलेला हेडफोन नातवाने हौसेने आबांच्या कानाला लावला. "आबा, तुम्ही ऐका तर खरं!" आबांनी डोळे मिटले, मांडीवर ताल धरला. थोड्या वेळाने विचारलं, "डग्गा छान येतोय रे. पण चाट का नाही वाजवत हे?"

चाट म्हणजे तबल्याच्या पुडीची कड. 'ना' तिथेच वाजतो. रेकॉर्डिंगमध्ये तो लखलखीत होता. चिरंजीव माझ्याकडे बघत राहिले. मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती.

आवाजाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा : ८० डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते आणि १०० डेसिबलला आठवड्याची जेमतेम २० मिनिटं उरतात. मुलांसाठी तर ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबलवरच धरली आहे. घरात मोजायला यंत्र नसतं, म्हणून सोपा नियम : फोनचा आवाज ६० टक्क्यांच्या पुढे न्यायचा नाही. बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाला मर्यादा घालता येते, ती पहिल्या दिवशीच घाला.

बेसवाल्यांसाठी यात एक खास मेख आहे. आवाज कमी असला, की आपल्या कानाला खालचे सूर जास्तच क्षीण वाटतात. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी हे १९३३ मध्ये मोजून दाखवलं. त्यामुळे बेसची भूक भागवायला मुलं सगळाच आवाज वाढवतात. त्याऐवजी आवाज निम्म्यावर ठेवा आणि फोनच्या इक्वलायझरमध्ये फक्त खालच्या पट्ट्या किंचित वर न्या. बेसही मिळतो आणि कानही सुरक्षित राहतात.

घाटावरची शेवटची परीक्षा

संध्याकाळी आम्ही पंचगंगेच्या पायऱ्यांवर बसलो. नावांची इंजिनं घरघरत होती. घरात निम्म्या आवाजावर पुरेसं वाटणारं गाणं इथे त्याने न कळत ८५ टक्क्यांवर नेलं. बाहेरचा गोंगाट वाढला, की आतला आवाज वाढतो, तो असा. गोंगाट कमी करणारे, म्हणजे नॉइज कॅन्सलिंगचे हेडफोन इथे मदत करतात. इंजिन, पंखा, जनरेटर अशी एकसुरी, खालच्या पट्टीची घरघर ते चांगली दाबतात. माणसांचं बोलणं आणि हॉर्न तेवढे दबत नाहीत.

मात्र गल्लीतून चालताना हेडफोन गळ्यात, कानावर नाही, हा आमच्या घरचा नियम. मागून मोटारसायकल येते, समोरून सांड येतो आणि काशीतला सांड कुणाला बाजू देत नाही!

मग घेतलं काय?

बंद कपाचा, मऊ गाद्यांचा, अडीचशे ग्रॅमच्या आतला एक ब्लूटूथ हेडफोन. त्याला वायर जोडायची सोयही आहे आणि ती आम्ही मुद्दाम पाहून घेतली. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो. गाणं ऐकताना ते जाणवत नाही. पण स्वतःचं वादन माइकमधून हेडफोनवर ऐकत रेकॉर्डिंग करायचं असेल, तर थाप आधी आणि आवाज नंतर अशी गंमत होते. तिथे वायरच हवी. एरवीच्या रियाजाला गुरुजींनी हेडफोनला बंदीच घातली आहे. लेहरा स्पीकरवर आणि कान मोकळे!

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा आणखी दोन-तीन गोष्टी विचारा. गाद्या सुट्या मिळतात का? आमच्याकडच्या मे महिन्याच्या घामात त्यांची सालं निघायला वेळ लागत नाही. पक्कं बिल आणि परत करण्याची मुदत मिळते का? आणि नामांकित कंपनीचा माल तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत मिळत असेल, तर तो त्या कंपनीचा नसावा हे समजून घ्या.

साडेतीन हजारांत नॉइज कॅन्सलिंगही हवं आणि मनासारखा बेसही हवा, हे आमचं काही जमलं नाही. चिरंजिवांनी नॉइज कॅन्सलिंग सोडलं. त्याऐवजी घाटावर गाणी ऐकायची नाहीत, घरीच ऐकायची, असं त्याने आपणहून ठरवलं.

काल रात्री त्याच्या खोलीत डोकावले. हेडफोन लावून बसला होता, बोटं उशीवर चालू होती. मी दारातूनच, अगदी हळू आवाजात विचारलं, "दूध घेणार का रे?"

"हो, साखर कमी घाल," त्याने मागे न वळता सांगितलं.

म्हटलं, आवाज बरोबर लावलाय.