जन्मठेपेच्या सुटकेची तारीख

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हा समज आपल्या समाजात इतका रुजला आहे की तो खोटा आहे असे सांगणाराच खोटा ठरावा. चित्रपटांनी तो पोसला, कादंबऱ्यांनी पोसला आणि क्वचित वकिलांनीही. वस्तुतः असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. जुन्या भारतीय दंडविधानात चौदाचा आकडा होता खरा. परंतु शासनाला वाटल्यास जन्मठेपेच्या जागी चौदा वर्षांपर्यंतची कैद देता येईल, एवढ्यापुरताच. फौजदारी प्रक्रिया संहितेत १९७८ साली कलम ४३३-अ घालण्यात आले, त्यात हाच आकडा उलट अर्थाने अवतरला. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्याबद्दल जन्मठेप भोगणाऱ्यास प्रत्यक्ष चौदा वर्षे तुरुंगात काढल्याखेरीज सोडता येणार नाही, असे ते कलम सांगते. एका ठिकाणी चौदा ही कमाल मर्यादा, दुसऱ्या ठिकाणी किमान. लोकांनी दोन्हींची सरमिसळ करून त्यातून एक हक्क निर्माण केला, जो मुळात अस्तित्वातच नाही.

मग जन्मठेपेचा कैदी सुटतो कधी? या प्रश्नाचे उत्तर न्यायाधीशाच्या निकालपत्रात नसते. ते गृहखात्याच्या फाइलीत असते आणि ती फाइल केव्हा हलेल हे कैद्याला कोणी सांगत नाही.

परक्या राज्यकर्त्यांच्या तुरुंगात निदान तारीख असे, ही गोष्ट नमूद करताना संकोच वाटतो, पण ती खरी आहे. अंदमानात सावरकरांच्या बिल्ल्यावर दोन जन्मठेपांची पन्नास वर्षे हिशेबात धरून सुटकेचे साल १९६० कोरलेले होते. तो बिल्ला क्रूरच होता. परंतु त्यावर एक आकडा होता. १९५५ च्या दुरुस्ती कायद्याने काळ्या पाण्याची शिक्षा गेली आणि तिच्या जागी जन्मठेपेची कैद आली. तिची मुदत किती, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आणला तो गांधीहत्येच्या कटातील गोपाळ गोडसे याने. माफीचे दिवस धरून आपली वीस वर्षे पुरी झाली, सबब आपल्याला सोडावे, असे त्याचे म्हणणे होते. या मनुष्याबद्दल सहानुभूती बाळगण्याचे काहीच कारण नाही. परंतु १९६१ च्या त्या निकालाने जो नियम घालून दिला तो त्याच्यापुरता राहिला नाही. न्यायालय म्हणाले की दंडविधानातील वीस वर्षांचा आकडा केवळ शिक्षेचे अंश काढण्याकरिता आहे. जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य, आणि शासनाने स्वतंत्र हुकूम काढून शिक्षा कमी केल्याशिवाय कैद्याला सुटकेचा हक्क नाही.

याचा अर्थ काय होतो ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चटकन कळेल. तुरुंगात कैदी काम करतो, शिस्तीने वागतो, आणि त्याबद्दल त्याच्या खात्यावर माफीचे दिवस जमा होतात. सात वर्षांची शिक्षा झालेल्याचे हे दिवस खणखणीत नाणे आहे. जितके जमतील तितके दिवस तो आधी बाहेर पडतो. जन्मठेपेच्या कैद्याला तेच नाणे दिले जाते, नोंदवहीत लिहिलेही जाते, पण बाजारात ते चालत नाही. ज्या रकमेतून वजा करावयाचे तीच अनिश्चित असेल तर वजाबाकी कशी होणार? चौदा वर्षांच्या किमान मर्यादेतही हे दिवस धरले जात नाहीत. कच्च्या कैदेचा काळ मात्र शिक्षेतून वजा होतो. जन्मठेपेलाही ती वजावट लागू आहे, हे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १९८५ साली स्पष्ट केले. त्यापूर्वी ती नाकारली जात होती.

रजेचा हिशेब तर आणखी गुंतागुंतीचा. आपल्याकडे १९५९ च्या नियमांनी दोन प्रकारच्या रजा ठेवल्या आहेत: संचित रजा, म्हणजे फर्लो, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. फर्लोवर घालविलेले दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलवरचे जात नाहीत. गोव्यातील जन्मठेपेच्या कैद्यांनी पॅरोलचे दिवसही चौदा वर्षांत धरावेत अशी मागणी केली असता जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. तसे धरल्यास वजनदार कैदी वारंवार पॅरोल मिळवून शिक्षा बाहेरच भोगतील, असे न्यायालयाला वाटले. ही भीती निराधार नाही. परंतु करोनाच्या साथीत तुरुंगांतील दाटी कमी व्हावी म्हणून शासनानेच ज्यांना तातडीच्या पॅरोलवर घरी धाडले, त्यांची सुटका तेवढ्या काळाने पुढे गेली, याचा हिशेब त्यांना त्या वेळी कोणी समजावून सांगितला होता काय?

चौदा वर्षे पुरी झाली तरी दार उघडत नाही. महाराष्ट्र शासनाने १९९२ साली आणि पुढे २०१० साली या कैद्यांचे गट पाडले. गुन्ह्यामागील हेतू, पूर्वनियोजन, क्रौर्य, बळी कोण होता, यांनुसार गट ठरतो आणि गटागणिक वर्षे वाढत जातात. काही गटांत ती वीस-बावीसच्या पुढे जातात. वर्गवारीचे तत्त्व चुकीचे नाही. घरच्या भांडणात रागाच्या भरात झालेला खून आणि सुपारी घेऊन केलेला खून एका तराजूत घालता येत नाहीत. प्रश्न असा की कोणता खून कोणत्या गटात बसतो हे ठरवितो कोण? निकालपत्र वाचून एखादा कार्यासन अधिकारी ठरवितो की क्रौर्य विशेष होते, आणि कैद्याची चार वर्षे वाढतात. पदरी वकील असेल तर तो मुंबईच्या उच्च न्यायालयात किंवा नागपूर-औरंगाबादच्या खंडपीठात जातो आणि गट बदलूनही घेतो. नसेल तर आपला गट बदलता येतो हेच त्याला माहीत नसते. मला माझ्या निवृत्तीची तारीख नोकरीच्या पहिल्या दिवशी ठाऊक होती आणि त्यावर घराचे कर्ज, मुलांची शिक्षणे, सारे बेतता आले. कैद्याच्या बायकोनेही काही बेतावयाचे असते. मुलीचे लग्न थांबवावे की करावे, शेत खंडाने द्यावे की विकून टाकावे, म्हाताऱ्या सासूला काय सांगावे. कैद्याच्या कुटुंबाची सामाजिक व आर्थिक स्थिती सुटकेच्या निर्णयात विचारात घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे. पण स्थिती विचारात घेण्याआधी ती बिघडविण्याचे काम अनिश्चितता करून बसलेली असते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याचे माणूस गेले, जिच्यावर अत्याचार झाले, त्यांना कोण विचारतो? गुजरातमधील २००२ च्या दंगलीतील बिल्किस बानो खटल्याने हा आक्षेप देशापुढे ठेवला. खटला मुंबईत चालला, शिक्षा २००८ साली मुंबईच्या न्यायालयाने दिली, आणि १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने आपल्या १९९२ च्या धोरणानुसार अकरा जणांना सोडून दिले. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत सुटकेच्या विरुद्ध होते. तुरुंगाबाहेर हारतुरे आणि पेढे झाले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. ज्या राज्यात शिक्षा झाली त्या राज्याचे शासनच निर्णय घेऊ शकते, गुजरातला तो अधिकारच नव्हता, असा निर्वाळा दिला. काहींनी यावरून माफीची पद्धतच मोडीत काढावी असा निष्कर्ष काढला. मला त्यातून उलट दिसते. त्या बाईला न विचारता, न कळविता हे घडू शकले, कारण सारे बंद दाराआड चालले होते. ज्या बंद दाराआड येरवड्यातल्या भूमिहीन कैद्याची फाइल वर्षानुवर्षे धूळ खाते, त्याच दाराआड अशा अकरा जणांची फाइल झपाट्याने निकालात निघते.

या गुप्ततेला कंटाळून की काय, न्यायालयांनी स्वतःच वर्षे मोजावयास सुरुवात केली. २००८ पासून, आणि २०१५ च्या घटनापीठाच्या निर्णयानंतर निःशंकपणे, उच्च व सर्वोच्च न्यायालये काही जन्मठेपांना वीस, पंचवीस, तीस वर्षे माफीविना अशी मुदत घालून देतात. शिक्षा कठोर झाली, पण तिला तारीख आली. तरीही दिल्लीच्या एका कैद्याची अशी वीस वर्षे २०२५ च्या मार्चमध्ये भरल्यावर त्याला सोडले गेले नाही. मुदत संपली की वेगळ्या हुकमाची गरज नाही, हे सांगण्यास सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बसावे लागले, आणि मुदत उलटूनही कोणी आत राहिला आहे काय याचा शोध घ्यावा म्हणून तो निकाल सर्व राज्यांच्या गृहसचिवांकडे पाठवावा लागला.

त्याच वर्षी १८ फेब्रुवारीला न्यायमूर्ती अभय ओक व उज्ज्वल भुयान यांनी दिलेला निर्णय अधिक मूलगामी आहे. ज्या राज्याला माफीचे धोरण आहे त्याने, पात्र झालेल्या प्रत्येक कैद्याचा विचार त्याच्या अर्जाची वाट न पाहता केला पाहिजे. नकार दिल्यास कारणे लिहिली पाहिजेत आणि ती कैद्याला कळविली पाहिजेत. आतापर्यंत जो मागेल त्याचा विचार होत असे, आणि मागणे ज्याला जमते तो बहुधा गरीब नसतो. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, कलम ४३२ चे ४७३ झाले आणि ४३३-अ चे ४७५. चौदा वर्षांची अट जशीच्या तशी राहिली. तेव्हा करावयाचे ते संहितेत नव्हे, तुरुंगाच्या कचेरीत करावयाचे आहे.

जन्मठेपेचा कैदी आत आला की वर्षभरात त्याला मराठीत लिहिलेला एक कागद मिळावा: त्याचा गट कोणता आणि का, कच्च्या कैदेचे किती दिवस वजा झाले, चौदा वर्षे कोणत्या तारखेस भरतात, फाइल कोणत्या महिन्यात सुरू होईल. गट मान्य नसेल तर हरकत कोठे घ्यावयाची तेही त्यावर असावे. माफी आणि रजांची भर घालून दरवर्षी तो कागद नव्याने द्यावा. बळीच्या कुटुंबालाही, त्यांची इच्छा असल्यास, त्या तारखा कळवाव्यात व निर्णयापूर्वी त्यांचे म्हणणे लेखी घ्यावे. आणि दर सहा महिन्यांनी गृहखात्याने जाहीर करावे की किती जण पात्र झाले, किती सुटले, किती फाइली कोणत्या टेबलावर किती दिवस पडून आहेत. यातील एकाही गोष्टीसाठी विधिमंडळापुढे विधेयक आणावे लागत नाही, आणि कागदाच्या खर्चाची सबब तर वित्तखात्यालाही सांगता येणार नाही.