गवतच तर खातोय!

"गवत खाऊन घोडा बिघडला, असं कधी कुणी ऐकलंय का?" असा सवाल एका अश्वप्रेमी गृहस्थांनी नुकताच छापून आणला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गवत हे घोड्याचं निसर्गदत्त अन्न, पोट भरलं की जनावर आपोआप थांबतं, अंगाने भरलेला घोडा ही मालकाच्या हातगुणाची पावती, आणि वैरण तोलून देणारे, तोंडाला मुसकं बांधणारे आम्ही लोक कसाई. 'कसाई' हा शब्द त्यांचा नाही, माझा. पण सूर तोच होता.

निसर्गाचा दाखला देणाऱ्याने निसर्ग अर्धाच पाहू नये. दख्खनच्या माळावर तो वर्षातले चार महिनेच उदार असतो. धनगरांचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन मेंढरांबरोबर चालणारी भीमथडी तट्टं याच हिशेबाने घडली. हिरवं मिळालं की अंगावर धरायचं, आणि फाल्गुन-चैत्रात वाळल्या कुसळावर, रोजची मजल मारत, ते उतरवायचं. थोडक्यात भागवणं हा त्यांच्या अंगचा गुण. मराठ्यांच्या स्वाऱ्या मुलूखभर फिरल्या त्या असल्याच काटक तट्टांवर.

आता तेच तट्टू आपण फार्महाउसवर आणून बांधतो. विहिरीला पाणी, वाफ्यात लसूणघास, बांधाला हत्तीगवत, वर मक्याची हिरवी वैरण. चैत्र येतो तो फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरात. ओझं नाही, मजल नाही. रविवारी पाहुण्यांच्या मुलांना दोन फेऱ्या आणि फोटो. निसर्गातली पंगत तेवढी उचलली, एकादशी गाळली, आणि या व्यवस्थेला गृहस्थ 'नैसर्गिक' म्हणतात! पोट भरलं की थांबतं म्हणे. मोकळं सोडलेलं घोडं दिवसाचे पंधरा-सोळा तास चरू शकतं. तासाभरासाठी सोडलं, तर वेळ कमी आहे हे ओळखून बकाबका खायला शिकतं.

आणि ती हातगुणाची पावती! दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत जा, पाठीच्या मधोमध पन्हळ पडलेल्या घोडीभोवती माणसं कशी जमतात ते बघा. तुम्ही मात्र हात लावा. बरगडी बोटांना लागत नाही, अयाळीखालची मान टणक, शेपटीच्या मुळाशी लिबलिबीत चरबी. अशा जनावराच्या रक्तात इन्सुलिन चढून राहतं आणि तडाखा बसतो खुराला. खुराच्या आतलं हाड ज्या नाजूक पापुद्र्यांनी भिंतीला धरलेलं असतं, ते ताणून सुटू लागतात, आणि हाड खाली वळतं. यालाच डॉक्टर लॅमिनायटिस म्हणतात. खूर तापतं, घोट्यामागची नाडी ठणठण उडते, जनावर पुढचे पाय पुढे टाकून टाचांवर भार घेतं आणि पाऊल उचलायला तयार होत नाही. तेव्हा मध्यरात्री फोन येतो तो आम्हा कसायांनाच. मागे याच पंथाच्या मंडळींशी गुळाच्या खड्यावरून वाद झाला होता. 'प्रेमाने देतो हो!' प्रेम खुराला कळत नाही, साखर कळते.

मुसक्याचं म्हणाल, तर कोळपणीला बैलाच्या तोंडावरचं मुसकं आजवर कुणाला खुपलं नाही; घोड्याच्या मुसक्याला तर खाली भोक असतं, शेंडे खुडता येतात, पाणी पिता येतं. चोवीस तास ठेवू नका म्हणजे झालं.

मग करायचं काय? फार काही नाही. हरभरा, पेंड, गूळ बंद. वजनाच्या दीड टक्का सुकी वैरण, म्हणजे 300 किलोच्या तट्टाला रोज पाचेक किलो वाळलं गवत, तेही तासभर भिजवून, पाणी फेकून, थोडं थोडं. सोबत मीठ आणि क्षार. चरायला सोडायचं तर पहाटे. ऊन चढेल तशी गवतात साखर चढते. खुरं धड असतील तर रोज दुडकी. पंधरा दिवसांनी टेप: छातीच्या घेराचा वर्ग गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये, भागिले 11,880, की किलो निघतात.

आमच्या बाजूच्या उत्साही वीरांनाही एक सांगतो, उपाशी ठेवू नका. लठ्ठ तट्टाचं खाणं एकदम तोडलं तर अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत बसतं आणि जनावर हातचं जातं.

गृहस्थांनी पुढचा लेख लिहिण्याआधी आपल्या घोडीच्या बरगड्यांवर एकदा हात फिरवावा. बोटांना बरगडी लागली नाही, तर लसूणघासाचा वाफा आजच शेजारच्या म्हशीला द्यावा.