चुडाव्याच्या पोराला परदेशी फुलं कशाला मोजायला लावता?

आमच्या चुडाव्याहून रोज रेल्वेने नांदेडला जाणारा एक पोरगा स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. करतोय. "चाचा, जरा नजर टाका," म्हणत त्याने प्रोजेक्ट दाखवलं. आत काय, तर आयरिसची १५० फुलं! फिशरने १९३६ साली वापरलेली ही आकडेवारी जगभरच्या विद्यार्थ्यांनी घासून गुळगुळीत केली आहे. पोराने ते फूल आयुष्यात पाहिलेलं नाही. गाडीच्या खिडकीतून त्याला दिसतं ते सोयाबीन.

नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाला ४ क्रेडिट आहेत. ते असे भरायचे?

त्याच्या अब्बांचाच सवाल घ्या. "माझं रान पाण्यात गेलं, मग विमा का नाही?" पीकविमा एकट्याच्या शेतावर ठरत नाही. महसूल मंडळात एका पिकाचे किमान १० कापणी प्रयोग होतात. चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेतं निवडायची, त्यात सोयाबीनसाठी १० बाय ५ मीटरचा तुकडा कापायचा, आणि सगळ्यांची सरासरी उंबरठा उत्पादनाशी ताडायची. नदीकाठ आणि माळरान एकाच सरासरीत! ती किती डळमळीत? प्रयोग दुप्पट केले तरी नमुन्याची चूक निम्मी होत नाही, साधारण ३० टक्केच घटते. मग काठ आणि माळ वेगळे मोजले तर? सल्लागाराचं काम हे. त्यात सूत्र सोपं. गाऱ्हाणं ऐकून त्यातून मोजता येईल असा प्रश्न काढणं अवघड, आणि उत्तर त्या माणसाच्या विरोधात गेलं तरी त्याला समजेल असं सांगणं त्याहून अवघड. फळ्यासमोर बसून हे येत नाही.

"पोरं कच्ची आहेत, चुकीचा सल्ला देतील," असं प्राध्यापक मंडळी म्हणतात. कच्चे तर शिकाऊ डॉक्टरही असतात. म्हणून त्यांच्या मागे सीनियर उभा असतो. इथेही सरांनी शेजारी बसावं. मला तर वाटतं, खरी अडचण तीच आहे.

पानसे आणि सुखात्मे आपलीच मराठी माणसं. १९४० च्या दशकात त्यांनी कापणी प्रयोगांची ही नमुना पद्धत शेतात राबवली आणि १९५४ साली शेतीतल्या संख्याशास्त्रावर पुस्तक लिहिलं. आधी बांध, मग पुस्तक. आपण नुसते पेपर सोडवतो.

मी पोराला विचारलं, "अब्बांचा प्रश्न का नाही घेतलास?"

"सरांनी यादी दिली होती चाचा, त्यात नव्हता."

परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, नांदेडला १९९४ पासून विद्यापीठ. चुडावा दोघांच्या मधल्या रेल्वेमार्गावर. आठवड्यातून एक दिवस सर आणि चार विद्यार्थी इथे येऊन बसू द्या. पहिला माणूस मी आणतो. या पोराचा बाप.